दोन इवाई आणि एक ताडपत्री

माझ्या इवायांनी माझ्या वडिलांच्या हातच्या धोतराला भर मांडवात टॉवेल म्हटलं. सगळं तिथून सुरू झालं, म्हणून तिथूनच सांगतो. इवाई म्हणजे व्याही. आमच्या भागात व्याही हा शब्द फक्त लग्नपत्रिका छापणारा वापरतो.

वडील पवनीतले विणकर. पुढच्या खोलीत माग होता आणि त्याच्या खटखटीत आम्ही भावंडं झोपायचो, उठायचो, नापास व्हायचो. मी माग सोडून कापडाचं दुकान काढलं. वडिलांनी मागावरून शेवटचं जे उतरवलं, ते करवती काठाचं धोतर होतं. करवतीच्या दात्यांसारखा काठ, तीन-तीन धोटे फेकत विणायचं काम. डोळे अधू झाले होते तरी त्यांनी ते बोटांनी चाचपून पुरं केलं. ते मी पेटीत जपून ठेवलं होतं. लेकीचं लग्न ठरलं तेव्हा बायको म्हणाली, "इवायाले हेच द्या. याच्यापेक्षा मोठा मान कोनता?" माझ्या जिवावर आलं होतं, पण दिलं. इवायांनी ते हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि म्हणाले, "टॉवेल मस्त हाय." मंगलाष्टकांचा माईक शेजारीच होता आणि तो चालू होता.

माझा राग तसा लवकर उतरणारा आहे, पण तो उतरायला आधी चढू द्यावा लागतो. मी त्या दिवशी मूग गिळून बसलो. महिन्याभरानं त्यांच्या गावाहून, दिघोरीहून, त्यांच्या शेतातल्या उन्हाळी धानाच्या नव्या तांदळाचं पोतं आलं. इवाई पिढीजात धानवाले. त्यांचा पुतण्या मोटरसायकलवर पोतं घेऊन आला होता. मी मूठभर तांदूळ तळहातावर घेतला, फुंकर मारली आणि म्हणालो, "कणी बारीक हाय. कोंबड्याईले चालन." हे वाक्य त्या मोटरसायकलच्या आधी दिघोरीला पोचलं.

मग दीड वर्ष आम्ही बोललो नाही. म्हणजे तसं बोललो. इवाई-इवाई भांडले की अबोला धरत नाहीत, मान वाढवतात. फोन आला की "नमस्कार इवाईबुवा, तब्येतपानी?" "तुमची कृपा इवाईबुवा." आणि लगेच फोन बायकांकडे. दोन्ही घरच्या बायका आमच्या या गोडव्याला कंटाळल्या होत्या.

लेक आणि जावई नागपुरात नोकरी करतात. गेला सगळा हिवाळा दोघं सुट्टी आली की सायकलींना पिशव्या बांधायचे आणि कुठल्यातरी तळ्याकाठी ताडपत्रीखाली रात्र काढून यायचे. लग्नात सागवानी पलंग दिलेला असताना. यंदा मात्र लेकीला आठवा महिना लागला होता, सायकली घरात उभ्या होत्या. एका रविवारी तिचा फोन आला.

"बाबा, यंदा आमच्या सायकली तुमी आन् मामाजी घेऊन जा." मामाजी म्हणजे तिचे सासरे, म्हणजे टॉवेलवाले.

"कायले?"

"पवनीहून निघायचं, रस्त्यात एक रात्र बाहेर झोपायचं, एकाच ताडपत्रीखाली. सकाळी दोघांनी सोबत, बोलत बोलत दिघोरीले पोचायचं. आमी सगळे तिथंच राहू. असं झालं तर मी बाळंतपणाले पवनीले येतो. नाई तर नागपुरात भाड्याच्या घरीच. आन् मंग महिनाभर दोघांपैकी कोनीच यायचं नाई."

लेकीचा स्वभाव माझ्यावर गेला आहे, त्यामुळे ही धमकी नुसती धमकी नव्हती. इकडे बायकोनं मागाची खोली रिकामी करून सारवूनसुद्धा ठेवली होती. पाळणा माळ्यावरून उतरला होता. बाळंतिणीच्या शेकासाठी गोवऱ्या रचल्या होत्या. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत तर आहेच. पण रीत गेली खड्ड्यात, ते बाळ मला त्या खोलीत रडायला हवं होतं. वडील गेल्यापासून त्या खोलीत कुणी आवाज केला नव्हता. एवढंच हवं होतं मला आणि त्यासाठी मी त्या माणसाशेजारी एक रात्र झोपायला तयार झालो.

जावयानं सायकली आणून दिल्या आणि पंधरा मिनिटांत सगळं शिकवून तो दिघोरीला निघून गेला. दोन झाडांत दोरी, दोरीवर ताडपत्री, चार खुंट्या. झोपायच्या दोन पिशव्या: एक जाड, एक पातळ. "दोन्ही एकसारख्या नाईत," तो म्हणाला, "पाहून घेजा." ही त्याची चूक. आम्हा दोघांत कमी-जास्त असलेली वस्तू ठेवायची म्हणजे भांडणाला पाट मांडून देणं.

दुसऱ्या दिवशी सकाळी इवाई बसने पवनीला आले. कानाला मफलर, पायात वहाणा, खांद्याला थैली, काखेत सुतळीनं बांधलेला एक काळा गठ्ठा.

"हे काय?"

"ताडपत्री. खळ्यावरची. पोरानं देल्ली ते कागद व्हय. त्यानं दव अडते का?"

जावयाची ताडपत्री रुमालाएवढी घडी होणारी. इवायांची उघडली असती तर माझं दुकान झाकलं असतं. पण पाहुण्याला नाही कसं म्हणायचं? बांधली मागे.

मग सायकलींचा प्रश्न आला. एक जावयाची, उंच. एक लेकीची, बुटकी. आता मी सहा फुटाला दोन बोटं कमी, आणि इवाई माझ्या खांद्याच्या खाली. शेंबड्या पोरानंही बरोबर वाटणी केली असती. पण जावयाची सायकल भारी होती, गियर जास्त, सीट मऊ. चांगली वस्तू आपण घ्यायची आणि लेकीच्या सासऱ्याला हलकी द्यायची, हे पवनीत कुणी पाहिलं असतं तर माझ्या सात पिढ्यांचा उद्धार झाला असता.

"तुमी मोठी घ्या, इवाईबुवा."

"नाई नाई, तुमी घ्या. मले ल्हानी जमते."

"असं कसं? तुमी पाहुने."

"तुमी उंच."

"उंचीचं काय घेऊन बसले, मानाचं पाहा."

दहा मिनिटं हे चाललं. गल्लीतल्या बायका दारात आल्या. शेवटी माझं घर, माझं अंगण, म्हणून मी जिंकलो. इवाई ओट्यावर चढून त्या उंच सायकलीवर बसले. त्यांचे पाय पॅडलला टेकत होते, पण ते पॅडल वर आलेलं असेल तेव्हाच. मी लेकीच्या सायकलवर बसलो तर गुडघे हँडलला आपटायला लागले. मग गुडघे बाहेर फाकवून चालवू लागलो. बायको दारात तोंडाला पदर लावून उभी होती. मला वाटलं, निरोप देताना रडते आहे.

नदीच्या पुलापर्यंत सगळं ठीक होतं, कारण तिथवर यजमान मी. मी पुढे, रस्ता दाखवतो, खड्डा सांगतो, "इवाईबुवा, हळू." वैनगंगेवर थंडीचं धुकं होतं, होड्या नुसत्या काळ्या रेघा दिसत होत्या. पूल संपला तसे इवाई मागून ओरडले, "आता तुमी माहे पाहुने! नदीच्या इकडं आमचं!" आणि मला मागे टाकून पुढे गेले. मला हे पटलं नाही, कारण मुलीचा बाप म्हणून मान देण्याचं काम नदी ओलांडून संपत नसतं. पण वाद घालायला दम पाहिजे, तो नव्हता.

हळूहळू माझ्या एक गोष्ट लक्षात आली. इवाई थांबत नव्हते. थांबायचं म्हणजे पाय जमिनीला टेकायला हवे, आणि त्यांचे टेकत नव्हते. पुलाचा कठडा दिसला, मैलाचा दगड दिसला, की ते त्याच्यावर पाय ठेवून ऐटीत उभे राहत आणि म्हणत, "जरा हवा पाहू." एका गावात मी पाण्यासाठी हातपंपावर थांबलो. तिथे कठडा नव्हता, ओटा नव्हता, काही नव्हतं. इवाई त्या पंपाभोवती गोल गोल फिरू लागले.

"उतरा ना, पानी प्या."

"तुमी घ्या आरामात. गाव चांगलं हाय, पाहून घेतो."

त्यांनी ते गाव सात वेळा पाहिलं. पंपावर पाणी भरणाऱ्या बायांनी घागरी खाली ठेवल्या. एकीनं मला विचारलं, "बुवा कोनता नवस फेडून राहिले का?" मी गंभीरपणे मान हलवली. त्यांना धरून उतरवायचं माझ्या मनात आलं होतं, नाही असं नाही. पण ज्या माणसाला स्वतःहून सांगता येत नाही, त्याला मी का विचारावं? मला माझे गुडघे होतेच. ते सुजून भोपळे झाले होते आणि मीही कुठे सांगत होतो?

संध्याकाळी एका तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मुक्काम केला. दिघोरी तिथून सकाळची तासा-दीड तासाची वाट. धान कापून झालेल्या बांध्यांमध्ये, म्हणजे शेताच्या तुकड्यांमध्ये, लाखोळीच्या डाळीचं पीक हिरवं झालं होतं. तळ्यावर बदकं होती. पाळीवर दोन पळसाची झाडं होती आणि खाली कुणीतरी तणसाचा ढीग रचला होता. धानाच्या त्या वाळल्या काड्या आम्ही वाकून, मनातल्या मनात मालकाची परवानगी घेऊन, अंथरल्या.

मग ताडपत्री, अर्थात इवायांचीच. कापड म्हटलं की ते ताणायचं, हे माझ्या रक्तात आहे. सुरकुती दिसली की वडील जेवण सोडून उठायचे. मी म्हणालो, दोरी बांधून मागावर ताणा चढवतात तशी तंग करू. इवायांच्या रक्तात दुसरंच. ताडपत्री म्हणजे ती धानावर टाकायची आणि कडेनं दगड ठेवायचे.

"आपुन अंदर झोपू, वरून ताडपत्री, चारी बाजूंनं गोटे. धान थंडीनं मेलेलं पाह्यलं का कदी?"

"आपुन धान नाई ना, इवाईबुवा."

आणि इथे भांडण व्हायला हवं होतं, तर त्यांना आठवलं की मी पाहुणा आहे. म्हणाले, "बरं, तुमी म्हनता तसं." त्यासरशी मला आठवलं की मी मुलीचा बाप आहे. म्हणालो, "नाई, तुमच्याच पद्धतीनं होऊ द्या." "नाई, ताणूनच." "नाई, गोटेच." आता मी गोट्यांसाठी भांडत होतो आणि ते ताणण्यासाठी. शेवटी अंधार पडायला लागला म्हणून एक टोक माझ्या पद्धतीनं झाडाला तंग बांधलं आणि दुसरं त्यांच्या पद्धतीनं जमिनीवर दगडाखाली दाबलं. एका बाजूनं माग, दुसऱ्या बाजूनं खळं. हे टिकणार नाही, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं. पण ज्याची त्याची मानमर्यादा पाळली गेली होती.

जेवणाचं तर विचारूच नका. माझ्या बायकोनं इवायांसाठी डबा दिला होता, त्यांच्या बायकोनं माझ्यासाठी. आमच्याकडे आग्रह म्हणजे नुसतं "घ्या" म्हणणं नाही. समोरचा हात आडवा करतो, तो हात बाजूला सारून वाढायचं असतं. पंगतीत हे काम वाढपी करतात आणि आपण हात आडवा करून मोकळे होतो. इथे वाढपीही आम्हीच आणि पंगतही आम्हीच. वांग्याची भाजी, पुऱ्या, तिळाचे लाडू. अकराव्या पुरीला मी म्हणालो, "माही शपथ, बस." ते म्हणाले, "माही शपथ, एक." दोन्ही शपथा पाळायच्या म्हणून अर्धी खाल्ली.

सगळ्यात शेवटी त्या झोपायच्या पिशव्या. जाड आणि पातळ. आता वाचकाला पुढचं कळलंच असेल. मी जाड त्यांच्याकडे सरकवली, त्यांनी माझ्याकडे. मी तिच्यावर हात ठेवून म्हणालो, "मले लय उकडते." ते म्हणाले, "मले तर थंडी माईतच नाई, रात्रभर पानी देतो शेताले." मी पातळ पिशवी उचलली, ती त्यांनी दुसऱ्या बाजूनं धरली, कारण आता कमी प्रतीची वस्तू स्वतःकडे घेणं हाच मान होता. ओढाओढीत तिची चेन उसवली आणि ती बाद झाली. शेवटी "राहू द्या, लागली तर घेऊ" असं म्हणत दोन्ही पिशव्या मधे ठेवून आम्ही दोन बाजूंना तणसावर आडवे झालो. माझ्या अंगात स्वेटर, त्यांच्या कानाला मफलर, बस.

भंडारा जिल्ह्यातली जानेवारीची थंडी ज्यानं तळ्याच्या पाळीवर खाल्ली नाही त्याला ती सांगून कळणार नाही. ती खालून येते. तणस ओलं झालं, मोजे ओले झाले, मिशीवर दव आलं. माझे दात वाजायला लागले, म्हणून मी जबडा आवळून धरला. थोड्या वेळानं दुसरे दात वाजताना ऐकू आले. मी मनात म्हटलं, वाजू दे. आणि मधे ती जाड पिशवी, बदकाच्या पिसांनी भरलेली म्हणे, मांजरासारखी पसरून पडली होती. आमच्यात सगळ्यात ऊबदार तीच होती.

किती वेळ गेला ठाऊक नाही. मला त्या थंडीत मागाची खोली आठवली, रिकामी, सारवलेली. मला वाटलं, मी इथेच गारठून मेलो तर लेक बाळंतपणाला कुठे जाणार? आणि मग जो राग दीड वर्ष चढला होता तो एकदाचा उतू गेला.

"इवाईबुवा!" मी ओरडून उठून बसलो. "मी मरून राहिलो थंडीनं!"

"मी बी!" तेही ओरडले. "कवाचा मरून राहिलो!"

"मंग काहून नाई सांगितलं?"

"तुमी काहून नाई सांगितलं?"

उठताना माझं डोकं ताडपत्रीला लागलं, माझी ताणलेली दोरी सुटली आणि ती खळ्यावरची ताडपत्री धप्पकन आमच्यावर आली. घडीघडीत अडकलेले धानाचे जुने दाणे मानेतून पाठीत गेले. आत अंधार, आणि आश्चर्य म्हणजे जरा ऊब. इवाई लगेच म्हणाले, "म्हनत नव्हतो? धानासारखंच झोपाव लागते." मी पहिल्यांदा त्यांच्याशी मान न ठेवता बोललो. म्हणालो, "चूप बसा आन् ते पिशवी उघडा."

जाड पिशवीची चेन शेवटपर्यंत काढली तर तिची दुलई झाली. ती दोघांवर घेतली. पण माझं डोकं उघडंच होतं आणि त्यांचा मफलर दवानं भिजला होता. तेव्हा इवाई आपल्या थैलीत काहीतरी चाचपायला लागले आणि कागदाची सळसळ झाली.

"हे घ्या. कानाले गुंडाळा."

मी हातात घेतलं. अंधारात काही दिसत नव्हतं, पण अंगठ्याला काठ लागला. दाते लागले, एकेक. मला लहानपणापासून तो काठ असा अंगठ्यानं चाचपायची सवय आहे. वडिलांचं धोतर होतं.

"हे इथं कायले आनलं?"

इवायांनी दुलई नाकापर्यंत ओढली. मग म्हणाले, "खोटं नाई बोलत. परत करायले आनलं होतं. दिघोरीले पोचलो का सगळ्याईसमोर तुमच्या हातात देनार होतो. तुमी माह्या धानाले कणी म्हनलं ना."

"तुमी माह्या बापाच्या धोतराले टॉवेल म्हनलं!"

"मले दिसतच नव्हतं!" ते एवढ्या मोठ्यानं म्हणाले की तळ्यावरची बदकं उठली. "पोरानं माहा चष्मा काढून ठेवला होता. म्हने, फोटोत चमकते. मले समोरचा नवरदेव दिसत नव्हता, धोतर कुठून दिसन? हाताले मऊ लागलं. काहीतरी चांगलं बोलाव म्हनून बोल्लो. मंग माईकातून ऐकू आलं आन् सगळे चूप झाले. तवा समजलं का काहीतरी चुकलं. पन आता चष्मा नव्हता असं कसं सांगाव? म्हनले असते, इवाई आंधळा भेटला."

दीड वर्ष. दीड वर्ष हा माणूस फोनवर "तुमची कृपा" म्हणत होता आणि त्याच्याकडे एका वाक्याचा खुलासा होता. मला हसू यायला लागलं. त्यांना वाटलं मी रडतो आहे, म्हणून ते माझ्या पाठीवर थोपटायला लागले. त्यामुळे मला जास्तच हसू आलं. मग मीही सांगून टाकलं, की तुमचा तांदूळ आम्ही पाहुणे आले की काढतो, घरच्यांना देत नाही. आणि त्या दिवशी तळहातावर एकही कणी नव्हती, मी शोधली होती.

"मले माईत हाय," ते म्हणाले. "माह्या धानात कणी नसतेच."

धोतर नऊ हात लांब. एका डोक्याला गुंडाळून ते संपेना, म्हणून उरलेलं दुसऱ्या डोक्याला गुंडाळलं. तसंच झोप लागली.

सकाळी काठी टोचल्यानं जाग आली. बाहेर एक बाई कुणाला तरी सांगत होती, "कोनाचं धान व्हय बापा? रात्रभर पाळीवर टाकून गेले, आन् सायकली बी सोडून गेले." पुन्हा काठी. ती माझ्या बरगडीत.

इवाई आतून ओरडले, "धान नाई बाई! इवाई हाय!"

काठी मागे सरकली. आम्ही उठायला गेलो, तर मी उजवीकडून उठलो, ते डावीकडून, आणि मधलं धोतर ताणून दोघांची डोकी खाडकन एकमेकांवर आपटली. ताडपत्रीखालून दोन म्हातारे, एका धोतरात बांधलेले, नवरानवरीसारखे बाहेर आले. बाईच्या ओटीत लाखोळीची भाजी खुडलेली होती, ती अर्धी खाली सांडली.

"तुमच्या गावात इवायाले असं झाकून ठेवतेत का?" तिनं विचारलं.

"नाई," इवाई गाठ सोडत म्हणाले, "पहिल्यांदाच ठेवलं."

सामान बांधलं. मी लेकीच्या सायकलीकडे गेलो, गुडघ्यांनी आधीच बोंब मारली. इवाई त्या उंच सायकलीपाशी उभे होते आणि चढायला दगड शोधत होते. मग दगड शोधायचे थांबले.

"इवाईबुवा," ते म्हणाले, "माहे पाय पुरत नाई."

"माहे गुडघे फुटले," मी म्हणालो.

आम्ही सायकली बदलल्या. पुढचा रस्ता कसा गेला ते कळलंही नाही. त्यांनी वाटेतल्या प्रत्येक बांधीची कुळकथा सांगितली. मी बापाची सांगितली. ते वाटेल तिथे थांबायचे, निव्वळ थांबता येतं म्हणून.

दिघोरीला अंगणात सगळे वाट पाहत होते. माझी बायकोही आली होती. लेक पोटावर हात ठेवून खुर्चीत बसली होती. आम्ही सोबत आलो, बोलत आलो. तिचा चेहरा खुलला, आणि मला एवढं भरून आलं की नको ते तोंडातून गेलं.

"इवाईबुवा," मी सगळ्यांसमोर म्हणालो, "बाळंतपण तुमच्याच घरी होऊ द्या. तुमचा मान."

बायको जागेवरच थिजली.

"नाई नाई," इवाई म्हणाले, "असं कसं? पहिलं माहेरीच. तुमचा मान."

"माही शपथ, तुमच्याकडं."

"माही शपथ, तुमच्याकडं!"

"बस!" लेक ओरडली. "रात्रभर हेच केलं का?"

आम्ही दोघं खाली पाहू लागलो. मला आता खरंच भीती वाटली. ज्या एका गोष्टीसाठी गुडघे फोडून घेतले ती मी स्वतःच्या तोंडानं देऊन बसलो होतो, आणि दिलेली शपथ परत घेता येत नाही. लेकीनं आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "पवनीले," ती म्हणाली. "आजोबाच्या मागाच्या खोलीत. मी ठरवूनच बसली होती." मग इवायांनी थैलीतून धोतर काढून माझ्या बायकोच्या हातात दिलं. "मी पँटवाला मानूस. मले हे कुठं जमते? बाळाले दुपटी करा."

बायकोनं ते हातात घेऊन पाहिलं. "पन हे तर कोरंच हाय. बाळाले कोरं कापड लावत नसतेत. वापरून, धुऊन मऊ व्हाव लागते."

इवायांनी धोतर तिच्या हातातून परत घेतलं. "दोन महिने हायेत ना?" म्हणाले. "मंग नेसतो मी."

आणि तो माणूस खरंच दोन महिने धोतर नेसला. विहीणबाईंच्या फोनवरून रोजची बातमी यायची. आज शेतात पाय अडकून पडले. आज मोटरसायकलच्या चेनीत सोगा जाताजाता राहिला. आज ग्रामपंचायतीत सुटलं. लोक विचारायचे, कायले? ते सांगायचे, नातवाचं काम चालू हाय. मी पँट घालून दुकानात बसलेलो असायचो आणि गिऱ्हाईक समोर असताना माझे डोळे भरून यायचे. वडिलांच्या त्या कापडाला पेटीत ठेवण्यापलीकडे काही करणं मला जमलं नव्हतं.

नात झाली, मार्चच्या पहिल्या गरमीत. तिसऱ्या दिवशी लेक आणि बाळ दवाखान्यातून मागाच्या खोलीत आले. पाचव्या दिवशी इवाई आले, पुन्हा पँटमध्ये. बायकोनं त्याच्या चार दिवस आधीच मागवून घेऊन ते धोतर कापलं होतं. कात्री लावताना मी दुकानात निघून गेलो होतो. खोलीत भावकीतल्या बाया बसल्या होत्या. नात त्या दुपट्यात गुंडाळलेली होती, करवतीचे दाते तिच्या हनुवटीखाली आले होते, आणि ती त्या खोलीत जिवाच्या आकांतानं रडत होती.

इवायांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. वाकून दुपट्याचा काठ अंगठ्यानं चाचपला, माझ्यासारखाच. मग माझ्याकडे वळून, सगळ्या भावकीला ऐकू जाईल असं म्हणाले,

"टॉवेल मस्त हाय, इवाईबुवा."